वकील आमदार: सनद (वकिलीचा परवाना) चालू ठेवून आमदारकी, नियम आणि नेहमीचे घोळ

रोजनामा

निवडणुकीच्या धाग्यावर हा विषय सारखा मध्येच घुसतो आणि तिथली चर्चा भरकटते, म्हणून वेगळा धागा काढतोय. प्रश्न असा: वकिलाने आमदार झाल्यावर कोर्टात उभं राहावं का, राहता येतं का, आणि राहिलाच तर कुठे अडकतो?

‘येतं का’ याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०१८ ला दिलेलं आहे. अश्विनीकुमार उपाध्याय यांची याचिका, तीन न्यायमूर्तींचं पीठ, निकाल लिहिला न्या. अजय खानविलकर यांनी. खासदार-आमदारांना वकिली करायला बंदी घाला अशी मागणी होती, ती फेटाळली गेली. वाद फिरला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या, म्हणजे वकिलांचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या, नियम ४९ भोवती. वकिलाला कुणाचाही पूर्णवेळ पगारी नोकर होता येत नाही, असं तो नियम सांगतो. न्यायालयाचं म्हणणं असं की आमदाराला मिळतं ते मानधन आहे. राज्य त्याचा मालक नाही आणि तो राज्याचा नोकर नाही, म्हणून नियम ४९ लागू होत नाही. या तर्काचा पडताळा आयकरात मिळतो. आयकर कायद्यात आमदाराचं मानधन ‘पगार’ या शीर्षाखाली येतच नाही, ‘इतर स्रोतांपासून उत्पन्न’ म्हणून दाखवतात. त्यामुळे पगारदारांची प्रमाणित वजावटही त्यावर मिळत नाही. वकिलीची फी वेगळ्या रकान्यात, व्यवसायाचं उत्पन्न म्हणून.

इथे डॉ. हनिराज चुलानी यांचा १९९६ चा निकाल हमखास पुढे केला जातो. ते डॉक्टर होते, डॉक्टरी चालू ठेवून आपल्या महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलकडे सनद मागत होते, आणि नकार कायम झाला. मग डॉक्टरला नाही तर आमदाराला का? कारण तिथे सनद मिळवतानाच्या नियमात ‘दुसरा व्यवसाय’ आडवा आला होता. आमदारकीला व्यवसाय किंवा नोकरी ठरवणारा नियम नाही. बार कौन्सिलने उद्या तसा नियम केला तर गोष्ट वेगळी.

घाटावरचा_वकील

मुद्दा बरोबर, पण २०१८ च्या निकालाने फक्त बार कौन्सिलच्या बाजूचं दार उघडं ठेवलंय. खरी माणसं अडकतात ती दुसऱ्या दारात, संविधानाच्या अनुच्छेद १९१ मध्ये, म्हणजे लाभाच्या पदात (सरकारकडचं पैसे मिळण्याजोगं पद असेल तर माणूस आमदारकीला अपात्र). तालुक्याच्या-जिल्ह्याच्या कोर्टात बऱ्यापैकी नाव असलेला वकील बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या सरकारी पॅनलवर असतोच. जिल्हा सरकारी वकील, सहायक सरकारी वकील, एखाद्या मोठ्या दाव्यासाठी नेमलेला विशेष वकील. उमेदवारी अर्ज भरताना हे कुणाच्या डोक्यात नसतं.

दोन निकाल शेजारी ठेवून वाचा, दोन्ही १९६९ च्या आसपासचे. कांता कथुरिया या राजस्थानातल्या वकील-आमदार, सरकारच्या एका प्रकरणापुरत्या विशेष सरकारी वकील होत्या. उच्च न्यायालयाने निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने वाचवली: एका प्रकरणापुरतं काम म्हणजे ‘पद’ नव्हे, माणूस गेल्यावर ती खुर्ची मागे उरत नाही. शिवाय राज्याने मधल्या काळात पूर्वलक्षी कायदा करून ती अपात्रता काढूनही टाकली होती. दुसरा निकाल महादेव विरुद्ध शांतिभाई. हा रेल्वेच्या पॅनलवरचा वकील. त्याला रेल्वेच्या केसेसवर सतत लक्ष ठेवायचं होतं आणि रेल्वेविरुद्ध वकीलपत्र घ्यायचं नव्हतं. ते लाभाचं पद ठरलं, तो अपात्र झाला. फरक फीच्या रकमेत नाही, नेमणूकपत्राच्या अटींत आहे. कागद काढून वाचायचा: नेमणूक कायमस्वरूपी आहे का, दुसऱ्या बाजूने उभं राहायला मनाई आहे का, ठरावीक मेहनताना आहे का.

आणि ‘मी फी घेतलीच नाही’ हा बचाव चालत नाही. जया बच्चन प्रकरणात २००६ ला ते स्पष्ट झालंय. पैसे घेतले की नाही हा प्रश्नच नाही, पदाला पैसे मिळण्याजोगे आहेत का एवढंच पाहतात.

मधुरा_ता

राजीनामा कधीपर्यंत द्यायचा? मतदानाआधी चालतो का?

घाटावरचा_वकील

नाही ताई. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे छाननीच्या दिवशी माणूस पात्र हवा. नुसता राजीनामा टाकून उपयोग नाही, त्या दिवसाआधी त्या कामातून मोकळं केल्याचा कागद हातात पाहिजे. विधी व न्याय विभागातून तो कागद यायला वेळ लागतो, म्हणून तिकिटाची चर्चा सुरू झाली की पहिलं काम हे. तिकीट मिळालं नाही तर पॅनल गेलं, ही जोखीम आहेच. महाराष्ट्रात अपात्रता दूर करणारा १९५६ चा कायदा आहे, त्याच्या अनुसूचीत आपलं पद आहे का हे शब्दन् शब्द जुळवून पाहा. पदाचं नाव थोडं वेगळं असेल तर अनुसूची कामी येत नाही.

आणखी एक. कलम ३६ ही निवडून येण्याची कसोटी झाली. अनुच्छेद १९१ ‘सदस्य असण्यासाठी’ही लागू आहे. म्हणजे आमदार झाल्यावर सरकारने प्रेमाने एखाद्या खटल्यात विशेष वकील नेमलं, तरी तोच धोका. तो वाद राज्यपालांकडे जातो आणि त्यांना निवडणूक आयोगाच्या मताप्रमाणेच निर्णय द्यावा लागतो.

उलटतपास

नमुना २६, म्हणजे उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्राबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. वकील लोक दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं आयुष्यभर करतात आणि स्वतःचं करताना रकाने मोकळे ठेवतात.

रिकामा रकाना हा सगळ्यात मोठा घोळ. २०१३ च्या रिसर्जन्स इंडिया निकालापासून निवडणूक निर्णय अधिकारी आठवण देतो, आणि तरीही मोकळं ठेवलं तर अर्ज बाद करू शकतो. ‘निरंक’, ‘लागू नाही’ असं प्रत्येक ठिकाणी लिहायचं. रेघ मारलेली चालेल असं समजू नका.

वकिलांची म्हणून खास ठिकाणं ही. मागच्या पाच वर्षांच्या विवरणपत्रांतलं उत्पन्न लिहायचं असतं, स्वतःचं, जोडीदाराचं, अविभक्त कुटुंबाचं आणि अवलंबितांचं. बरेच वकील आयकराच्या अंदाजित उत्पन्नाच्या तरतुदीखाली एकूण जमेच्या निम्मं उत्पन्न दाखवतात, त्यामुळे बँकेत जमा दिसते एक आणि विवरणपत्रात दुसरं. तो आकडा विवरणपत्राप्रमाणेच लिहा, बँकेच्या पासबुकावरून नको. अशिलाने खर्चासाठी दिलेली आगाऊ रक्कम खात्यात पडून असेल तर ती तुमची मालमत्ता नाही, देणं आहे. देण्याच्या भागात तिची जागा. कोर्टात जमा करायला दिलेले कोर्ट फीचे पैसेही त्यातच. २०१८ नंतर उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारशी असलेले करार यांचाही रकाना आलाय. वकिलाने सरकारचं वकीलपत्र घेणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९क चा ‘माल पुरवठा किंवा काम’ या प्रकारचा करार नव्हे, त्यामुळे त्याने अपात्रता येत नाही. पण रकान्यात लिहायला काहीच हरकत नाही, लपवण्यापेक्षा लिहिलेलं बरं. खोट्या माहितीला कलम १२५क आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद.

अनामत विधानसभेला १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (नाव सुचवणारा मतदार), अपक्षाला दहा. या दहांतला एक जरी त्या मतदारसंघाच्या यादीत नसला तरी अर्ज उडतो. एकाच मतदारसंघात चार अर्जांपर्यंत भरता येतात ती सोय याचसाठी आहे, वेगवेगळे सूचक घेऊन वापरावी. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब. हे चुकलं तर आयोग तीन वर्षांपर्यंत अपात्र करू शकतो, आणि वकील असल्याने ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोयही नाही.

पत्रकार_कक्ष

विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ राहिला. वकिलांना तो जवळचा वाटतो. वय ३० पाहिजे, विधानसभेसारखं २५ चालत नाही. आणि गंमत म्हणजे उमेदवार स्वतः पदवीधर असायलाच हवा असं नाही, राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघात मतदार असला की झालं. मतदार मात्र पदवीधर हवा, तोही १ नोव्हेंबरच्या आधी किमान तीन वर्षं. दरवेळी यादी कोरी बनते, नमुना १८ पुन्हा भरावा लागतो. जुन्या यादीत नाव होतं म्हणून गाफील राहिलेले वकील मतदानाच्या दिवशी बाररूममध्ये बसून भांडताना दिसतात.

रोजनामा

आता तारखांकडे येऊ, कारण कायद्यापेक्षा धंदा बसतो तो इथे. अर्थसंकल्पी अधिवेशन फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबईत, पावसाळी मुंबईत, हिवाळी डिसेंबरमध्ये नागपूरला. नागपूर करार १९५३ चा, तेव्हापासूनचं ते ठरलेलं. डिसेंबरात जिल्हा न्यायालयं नाताळच्या सुट्टीपर्यंत भरात चाललेली असतात. सांगोल्याच्या किंवा रोह्याच्या वकिलाने नागपूरहून सकाळी निघून साक्षीपुराव्याला पोचणं जमत नाही.

अधिवेशन आहे म्हणून तारीख मिळण्याचा हक्क आपल्याकडे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १७ एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देत नाही, आणि वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलाय हे कारण तर नियमातच नाकारलेलं आहे. विधिमंडळाचा उल्लेखच नाही. न्यायाधीश समजून घेतात, पण कोर्टाच्या रोजनाम्यात (रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) ‘वादीचे वकील गैरहजर’ एवढंच उमटतं आणि खर्च अशिलाच्या डोक्यावर बसतो.

उपाय एकच चालतो. वकीलपत्रावर पहिल्या दिवसापासून दोन नावं. नुसता ज्युनिअर ‘साहेबांच्या वतीने’ म्हणून उभा राहिला तर तो तारीख मागू शकतो, उलटतपासाला उभा राहिला तर हरकत येऊ शकते. वकीलपत्रावर नाव असेल तर घेऊ शकतो.

डॅलसकर

याच्या अगदी उलट व्यवस्था टेक्सासात आहे म्हणून सांगतो. इथलं विधिमंडळ दर विषम वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी बसतं, १४० दिवस चालतं, आणि सदस्याला मानधन महिन्याला ६०० डॉलर. त्यात पोट भरणं शक्य नाही, म्हणून वकील सदस्य धंदा चालूच ठेवतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. कायद्यातच तरतूद आहे की पक्षकाराचा वकील विधिमंडळाचा सदस्य असेल आणि अधिवेशन चालू किंवा तोंडावर असेल, तर त्याने प्रतिज्ञापत्र दिलं की दावा अधिवेशन संपल्यावर ३० दिवसांपर्यंत पुढे ढकलायचा. न्यायाधीशाला सहसा पर्याय नसतो.

आता यातून काय झालं असेल ते कुणीही ओळखेल. ज्याला खटला लांबवायचाय तो आमदारच वकील नेमतो. म्हणून दोन लगामं आली. ऐनवेळी नेमलेल्या वकिलासाठी तहकुबी द्यायची की नाही हे न्यायाधीश ठरवतो, आणि मी खरंच हा खटला चालवणार आहे, नुसता लांबवायला आलेलो नाही, असं वकिलाला शपथेवर सांगावं लागतं. तिसरा लगाम टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये लावला. वेट्स विरुद्ध सॉन्डॉक, मुलांच्या पोटगीचं प्रकरण. ढकलल्याने समोरच्याचा असलेला हक्कच बुडणार असेल तर तहकुबी सक्तीची नाही. पोटगी म्हणजे आजच्या जेवणाचा प्रश्न, ती अधिवेशन संपायची वाट बघत नाही.

घाटावरचा_वकील

हे आपल्याकडे नाही तेच बरं. आपल्याकडे असतं तर प्रत्येक भाडेकरूने आमदार गाठला असता.

गोंयकार_वाचक

गोव्यात ४० जणांची विधानसभा, मतदारसंघ एवढे छोटे की आमदाराचं कार्यालय, घर आणि कोर्ट अर्ध्या तासाच्या अंतरात. त्यामुळे वकील आमदार इथे नवलाचे नाहीत. मांद्रेचे रमाकांत खलप पुढे केंद्रात कायदा राज्यमंत्री झाले. हळदोण्याचे कार्लुस फेरेरा आधी राज्याचे ॲडव्होकेट जनरल होते, २०२२ ला आमदार झाले. अनुच्छेद १७७ प्रमाणे ॲडव्होकेट जनरलला सभागृहात बोलता येतं, मत देता येत नाही. म्हणजे खुर्ची बदलल्यावर त्यांना फक्त मत नवीन मिळालं, असं इथे थट्टेने म्हणता येईल.

शेतकरी_पुत्र

आमदार असल्यावर अटक होत नाही, मग वकिलीत त्याचा फायदा होतो असं ऐकलंय.

उलटतपास

चुकीचं ऐकलंय. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३५क दिवाणी अटकेपुरतं आहे: अधिवेशनाच्या काळात आणि आधी-नंतर ४० दिवस. फौजदारी गुन्ह्यात कसलंही कवच नाही, अध्यक्षांना कळवायचं असतं एवढंच. सभागृहातल्या भाषणाला अनुच्छेद १९४ चं संरक्षण आहे, पण भाषणासाठी किंवा मतासाठी पैसे घेतले तर ते मिळत नाही, हे ४ मार्च २०२४ च्या सीता सोरेन निकालाने सात न्यायमूर्तींनी पक्कं केलंय. आणि लोकसेवकाच्या व्याख्येचा सगळा इतिहास आपल्याच एका बॅरिस्टर मुख्यमंत्र्यांच्या नावावर आहे: अंतुले प्रकरणात १९८४ ला भारतीय दंड संहितेखाली आमदार लोकसेवक नाही असं ठरलं. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याची व्याख्या त्याहून रुंद आहे, आमदार त्यात येतो. वकील आमदाराने घेतलेली ‘फी’ कशासाठी होती, हा प्रश्न तिथून सुरू होतो. फीची पावती, वकीलपत्र आणि कामाची नोंद या तिन्हींवर एकच प्रकरण दिसलं पाहिजे.

मधुरा_ता

जनता दरबारात लोक जमिनीच्या भानगडी सांगतात. तिथे सांगितलेलं वकील-अशील म्हणून गोपनीय राहतं का?

रोजनामा

उत्तम प्रश्न. नाही राहत. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चं कलम १३२ (जुनं १२६) फक्त वकील म्हणून, कामाच्या ओघात सांगितलेल्या गोष्टीला लागू आहे. गर्दीत आमदाराला अर्ज देताना माणूस बोलला तर तो मतदार, अशील नव्हे. उद्या त्याच भानगडीत आमदाराला साक्षीला बोलावलं तर सांगावं लागेल. आणि साक्षीदार व्हायची शक्यता दिसत असेल तर बार कौन्सिलच्या नियम १३ प्रमाणे ते वकीलपत्रच घ्यायचं नाही. म्हणून दरबारातून उठून ‘उद्या कोर्टात या, वकीलपत्र करू’ हे वाक्य धोक्याचं आहे. ज्या प्रकरणात आमदार म्हणून तहसीलदाराला पत्र दिलंय, त्यात वकील म्हणून उभं राहायचं नाही. हा नियमात लिहिलेला नाही, पण पाळणारे पाळतात.

जागा आणि कागद वेगळे हवेत. दोन पाट्या, दोन लेटरहेड, दोन शिक्के. नियम ३६ प्रमाणे वकिलाच्या पाटीवर आणि लेटरहेडवर तो कुठल्या संस्थेशी, व्यक्तीशी किंवा कार्याशी जोडलेला आहे हे दिसता कामा नये. ‘आमदार’ शब्द वकिलीच्या नोटिशीवर आला की समोरचा बार कौन्सिलकडे तक्रार करणारच. नोटीस पाठवताना टायपिस्ट जुनं लेटरहेड उचलतो आणि घोळ होतो, हे इतकं नेहमीचं आहे की लेटरहेडचे गठ्ठे वेगळ्या इमारतीत ठेवणं हाच इलाज.

घाटावरचा_वकील

त्यात नियम ८ जोडा. ग्रामीण वकील आमदार म्हणजे जिल्हा बँक, साखर कारखाना, शिक्षण संस्था, सगळीकडे संचालक. ज्या संस्थेच्या व्यवस्थापन समितीवर आहात तिच्या बाजूने किंवा विरुद्ध कुठल्याही न्यायालयात वा न्यायाधिकरणात उभं राहता येत नाही. सहकार न्यायालयसुद्धा आलं त्यात. संचालक मंडळावर राहायला नियम ४८ ची हरकत नाही, पण कार्यकारी संचालक किंवा सचिव होता येत नाही.

कलमवार

सगळे सनदीवरच बोलताय. वकील आमदाराचा उपयोग सभागृहात कुठे होतो ते कुणी सांगेल का? म्हणून मीच सांगतो. विधेयकाच्या दुसऱ्या वाचनात, कलमवार विचार होतो तिथे. टीव्हीवर ती दहा मिनिटं कधी दिसत नाहीत.

एक कलम हातात घ्या. ‘जिल्हाधिकारी चौकशी करील’ आणि ‘जिल्हाधिकाऱ्यास चौकशी करता येईल’. पहिल्यात बंधन आहे, दुसऱ्यात मर्जी. शेतकऱ्याने अर्ज केला आणि जिल्हाधिकारी गप्प बसला, तर पहिल्या शब्दावर उच्च न्यायालयात रिट याचिका टिकते, दुसऱ्यावर टिकवताना घाम फुटतो. दुरुस्तीची सूचना फक्त एका क्रियापदाची असते. दुसरा शब्द ‘विहित’. ‘विहित मुदतीत’ लिहिलं म्हणजे मुदत कायद्यात नाही, सरकार नंतर नियमात लिहील. नियम चार वर्षं आले नाहीत तर मुदतच नाही. वकील आमदार तिथे ‘साठ दिवसांत’ घालायची सूचना देतो.

आता खाचखळगा. अनुच्छेद ३४८(३) प्रमाणे मराठी कायद्याचा राज्यपालांच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद हा अधिकृत पाठ. म्हणून दुरुस्ती मराठी प्रतीत मंजूर करून घेतली आणि इंग्रजी प्रतीत जुनं क्रियापद राहिलं, तर कोर्टात दुसराच शब्द वाचला जातो. सूचना देताना दोन्ही पाठ समोर ठेवून दोन्हींत कुठल्या ओळीत काय बदलायचं ते लिहायचं.

विधेयकाच्या शेवटी जोडलेले कागदही वाचायचे: उद्देश व कारणांचं निवेदन, वित्तीय ज्ञापन, आणि नियम करण्याचे अधिकार कुठल्या कलमाने सरकारला दिले त्याचं ज्ञापन. हे शेवटचं आधी वाचावं, सरकारने हातात काय राखून ठेवलंय ते एका पानात कळतं. स्वतःचं अशासकीय विधेयक आणायचं आणि त्याने राज्याच्या तिजोरीतून खर्च होणार असेल, तर अनुच्छेद २०७(३) प्रमाणे राज्यपालांच्या शिफारशीशिवाय पुढे सरकत नाही. बहुतेक अशासकीय विधेयकं इथेच मरतात.

पक्षादेश (व्हिप) निघाला की मात्र कायद्याचं ज्ञान खिशात. दहाव्या अनुसूचीप्रमाणे पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा गैरहजर राहिलं तर अपात्रतेची कारवाई, पक्षाने १५ दिवसांत माफ केलं तर वाचला. समितीत भिन्नमतपत्रिका लिहिता येते, वकिलाचा शहाणपणा तिथे कागदावर उतरतो.

पत्रकार_कक्ष

कलमवार, जुनी उदाहरणं द्या की. नुसतं व्याकरण झालं.

कलमवार

बाबासाहेबांपासून सुरू करा. १९२३ पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली, १९२७ पासून मुंबई विधान परिषदेत नेमलेले सदस्य, पुढे १९३७ ला विधानसभेत निवडून. दोन्ही एकाच वेळी. १९२८ ला त्यांनी महार वतनासाठी विधेयक आणलं ते १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती म्हणून, स्वतंत्र जाहीरनामा म्हणून नाही. हा वकिलाचा हात. जुन्या कायद्याच्या चौकटीत शिरून आतून स्क्रू फिरवायचा. ते विधेयक तडीला गेलं नाही. १७ सप्टेंबर १९३७ ला खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, तेही तेव्हा झालं नाही. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ ला आला. याच काळात, १९३४ मध्ये, ते र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा खटला कोर्टात लढत होते.

दुसरे वि. स. पागे. तासगावकडचे वकील, १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती. रोजगार हमीची कल्पना त्यांची. १९६५ ला तासगाव तालुक्यात प्रयोग, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर, आणि १९७७ ला कायदा, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात. मागेल त्याला काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. योजनेला कायद्याचं रूप दिल्यामुळे मजुराच्या हातात मागणी आली, सरकारच्या मेहेरबानीवर राहिली नाही. ‘करील’ आणि ‘करता येईल’ मधला फरक म्हणतात तो हाच.

पैसा आणला व्यवसाय करातून, १९७५ चा कायदा. त्या कराच्या अनुसूचीत वकील आहेतच, आजही वर्षाला २,५०० रुपये. अनुच्छेद २७६ ची कमाल मर्यादाही तेवढीच.

शेतकरी_पुत्र

वकील हा कर भरतात?

उलटतपास

भरायला पाहिजे असं म्हणतो. नमुना २६ मध्ये सरकारी देणी लिहायची असतात, तिथे थकलेला व्यवसाय कर आठवतो.

मधुरा_ता

शेवटचं विचारते. आमदार मंत्री झाला तर चालू केसेसचं काय? ‘सूचना नाहीत’ अशी पुरशिस (कोर्टाला लेखी कळवणं) देऊन मोकळं होतात असं पाहिलंय.

रोजनामा

ती पुरशिस त्या कामासाठी नाही. अशील सूचना देत नसेल तेव्हाची ती. इथे वकीलच जातोय. मंत्र्यांच्या आचारसंहितेत धंद्याचं चालवणं-सांभाळणं सोडायची अपेक्षा आहे, म्हणून सनद तहकूब करण्याचा रस्ता धरतात. क्रम असा.

आधी प्रत्येक अशिलाला लेखी कळवायचं, पुढच्या तारखेआधी दुसरा वकील बघायला पुरेल एवढी मुदत ठेवून. न केलेल्या कामाची फी परत, हे नियम १२ मध्येच आहे. मग प्रत्येक दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नियम ४ प्रमाणे न्यायालयाची परवानगी घेऊन वकीलपत्र संपवायचं. ते होईपर्यंत रोजनाम्यात हजेरी तुमच्याच नावाने पुकारली जाते आणि नोटिसाही तुमच्याकडेच येतात. कागदपत्रांची यादी करून परत, अशिलाची सही घेऊन. हे सगळं झाल्यावर बार कौन्सिलला नोंदणीकृत डाकेने कळवायचं, मूळ सनद सोबत जोडून. छायाप्रत पाठवली तर काम अर्धवट राहतं. मंत्रिपद गेल्यावर पुन्हा सुरू करायला बार कौन्सिलच्या सचिवाकडे अर्ज आणि मधल्या काळात वकील अधिनियमाच्या कलम २४क ची अपात्रता आली का याचं प्रतिज्ञापत्र.

नेहमी चुकतं ते असं की सनद आधी तहकूब होते आणि वकीलपत्रं तशीच राहतात. मग वकीलपत्र संपवण्याच्या अर्जावर सही कुणाची, यावरच एक तारीख जाते. वकीलपत्रावर दुसरं नाव पहिल्यापासून असेल तर त्या दाव्यात हजेरीचा खोळंबा होत नाही. तारीखवहीतली यादी काढून आधी ते दावे बाजूला काढावेत. राहतील ते एकट्याच्या नावाचे, पळापळ फक्त त्यांच्यासाठी.